वागेनर स्टेडियम आणि १८९२ चा आम्स्टरडाम हॉकी क्लब : खडकीच्या एका प्रेक्षकाचा अभिप्राय

नेदरलँड्समध्ये, आम्स्टरडामला लागून असलेल्या आम्स्टलव्हेनमध्ये राहायला येऊन मला आता बरीच वर्षे झाली. नोकरीनिमित्त इथे येणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढतेच आहे आणि नव्याने आलेला प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो: कोथिंबीर कुठे मिळते, मुलांसाठी शाळा कोणती चांगली, ट्यूलिपच्या बागा केव्हा बघाव्यात. हॉकीबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण आपल्या घरापासून सायकलने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर जे मैदान आहे, त्या मैदानावर भारताने १९७३ मध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला आहे आणि जिंकत आणलेला तो सामना गमावलाही आहे. त्या मैदानाबद्दल आणि ज्या क्लबाने ते उभारले त्या क्लबाबद्दल सविस्तर लिहावे, असे कित्येक दिवस मनात होते. मी या क्लबाचा सभासद नाही. हा अभिप्राय एका प्रेक्षकाचा आहे, आणि तो प्रेक्षक खडकीत, म्हणजे हॉकीची काठी घरोघरी असलेल्या वस्तीत वाढलेला आहे, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

प्रथम जागेविषयी. वागेनर स्टेडियम (लिहिताना वागेनर, पण इथले लोक उच्चार ‘वाखनर’च्या जवळ जाणारा करतात) आम्स्टरडामसे बोस नावाच्या विस्तीर्ण वनात आहे. वन म्हटले तरी ते निसर्गाने दिलेले नाही. १९३० च्या दशकातील महामंदीत बेकार झालेल्या हजारो माणसांना काम मिळावे म्हणून १९३४ पासून ही जमीन हातांनी खणून, भर घालून, झाडे लावून तयार केली गेली आणि तीसुद्धा समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेल्या भागात. आपल्याकडे दुष्काळी कामांवर तलाव आणि रस्ते झाले, तसे इथे मंदीच्या कामावर जंगल झाले. या वनातच नौकानयनाचा सरळसोट कालवा आहे, क्रिकेटचे मैदान आहे (१९९९ च्या क्रिकेट विश्वचषकातील दक्षिण आफ्रिका आणि केनिया यांचा सामना तिथेच झाला होता) आणि एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर अनेक हॉकी क्लबही आहेत. सायकलने जाणे सर्वांत उत्तम. झाडांमधून जाताना आधी काठीवर चेंडू बसल्याचा टक्-टक् आवाज येतो, मग मुलांचा गलका ऐकू येतो आणि नंतर मैदान दिसते. मधूनच स्किपोलकडे उतरणारे विमान इतक्या खालून जाते की शेजारच्या माणसाचे बोलणे दोन क्षण थांबते.

आता क्लबाविषयी. त्याचे पूर्ण नाव ‘आम्स्टरडाम्से हॉकी अँड बँडी क्लब’ असे आहे आणि त्या नावातच त्याचा जन्मकाळ दडलेला आहे. बँडी म्हणजे गोठलेल्या पाण्यावर, पायात स्केट घालून, चेंडू आणि वाकड्या काठीने खेळायचा खेळ. पिम म्युलिये या क्रीडाप्रेमी गृहस्थांनी १८९१ च्या सुमारास बँडी आणि हॉकी हे दोन्ही खेळ नेदरलँड्समध्ये रुजवले आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९२ मध्ये, आम्स्टरडामचा हा क्लब स्थापन झाला. हिवाळ्यात कालवे गोठले की बँडी आणि बर्फ वितळला की हॉकी, असा तो व्यवहार होता. बँडी काळाच्या ओघात मागे पडली, पण क्लबाने नावातून ती कधी काढली नाही, हे मला फार आवडते. १८९८ मध्ये देशाची हॉकी संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या मुळाशी असलेल्या मोजक्या क्लबांमध्ये आम्स्टरडामचा समावेश होता. तुलनेसाठी सांगायचे, तर कोलकात्याचा बेटन चषक १८९५ चा आणि मुंबईची आगाखान स्पर्धा १८९६ ची. म्हणजे आपल्याकडे आणि इथे संघटित हॉकीचे वय जवळजवळ सारखेच आहे.

सुरुवातीच्या काळात डच मंडळी जी हॉकी खेळत, ती आपण ओळखतो ती हॉकी नव्हती. त्यांचा चेंडू मऊ असे, काठी दोन्ही बाजूंनी सपाट असे आणि नियमही त्यांचे स्वतःचे होते. १९२८ चे ऑलिम्पिक आम्स्टरडामला भरणार हे ठरल्यावर, यजमानांनीच जगाशी खेळता येणार नाही असे नियम पाळणे योग्य नव्हे म्हणून १९२६ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय नियम स्वीकारले. नवा चेंडू, नवी काठी आणि हाताशी अवघी दोन वर्षे. तरीही त्यांचा संघ ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तिथे त्यांची गाठ पडली ती पहिल्यांदाच ऑलिम्पिक खेळणाऱ्या भारताशी. २६ मे १९२८ रोजी भारताने तो सामना ३–० असा जिंकला. संपूर्ण स्पर्धेत भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले, त्यांतील १४ एकट्या ध्यानचंदांचे होते, आणि गोलरक्षक रिचर्ड ॲलन यांनी एकही गोल होऊ दिला नाही. ते ऑलिम्पिक स्टेडियम अजून उभे आहे आणि वागेनरपासून फार लांबही नाही. पाहुण्यांना घेऊन मी एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी जातो, म्हणजे १९२८ पासून १९७३ पर्यंतचा प्रवास एका दुपारी पूर्ण होतो.

या सगळ्या काळात आम्स्टरडाम क्लब देशातील बलाढ्य क्लबांपैकी एक होता. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९३० च्या दशकात राष्ट्रीय विजेतेपद वारंवार त्याच्याकडे आले आणि याच भरभराटीच्या काळात क्लबाचे अध्यक्ष योप वागेनर यांनी स्वतःचे स्टेडियम उभारण्याचा ध्यास घेतला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नव्या वनाच्या कडेला ते उभे राहिले. इथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. हे स्टेडियम सरकारने बांधून एखाद्या खेळाच्या संघटनेला दिलेले नाही, तर सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका क्लबाने ते आपल्या गरजेसाठी बांधले आणि ते इतके चांगले बांधले की पुढे देशाच्या संघाचे ते घर झाले. कालांतराने त्याची मालकी राष्ट्रीय हॉकी संघटनेकडे गेली, पण क्लब तिथून हलला नाही. विश्वचषकाचे सामने जिथे होतात, त्याच मैदानावर क्लबाचा पहिला संघ रविवारी आपला लीगचा सामना खेळतो, आणि शेजारच्या मैदानांवर त्याच क्लबाची सात-आठ वर्षांची मुले काठ्या परजत असतात.

१९७३ चा विश्वचषक हा या मैदानाच्या इतिहासाचा आमच्यासाठी सर्वांत जवळचा भाग. माझे बाबा त्या वेळी सतरा वर्षांचे होते आणि खडकीच्या चाळीत शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती बसून त्यांनी तो सामना ऐकला होता. लहानपणी ही कहाणी मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिचा क्रम मला तोंडपाठ आहे. उपांत्य सामन्यात भारताने पाकिस्तानला १–० ने हरवले होते आणि तो गोल बी. पी. गोविंदा यांचा होता. एम. पी. गणेश यांच्या नेतृत्वाखालील संघ २ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सविरुद्ध उतरला आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच सुरजितसिंग यांच्या दोन गोलांमुळे २–० असा पुढे गेला. चाळीत त्या क्षणी पेढ्यांसाठी पैसे गोळा व्हायला लागले होते, असे बाबा सांगतात. मग टीस क्रुझे यांनी दोन गोल फेडले आणि सामना जादा वेळेत गेला. जो पहिला गोल करील तो जिंकेल, अशी ती जादा वेळ. तिच्यात भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. गोलरक्षक समोर, चेंडू ठिकाणावर, एक फटका आणि विश्वचषक आपला. उपांत्य सामन्याचे नायक गोविंदा यांनी तो घेतला, पण गोल झाला नाही. अखेर स्ट्रोकच्या फैरीत नेदरलँड्सने ४–२ ने बाजी मारली आणि आपला पहिला विश्वचषक जिंकला.

भारताने दोनच वर्षांनी क्वालालंपूरला अजितपालसिंग यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानला २–१ ने हरवून विश्वचषक मिळवला, हे खरे. पण तो आजवरचा आपला एकमेव विश्वचषक ठरला, म्हणून १९७३ ची सल अधिकच बोचते. सुरजितसिंग १९८४ मध्ये मोटार अपघातात गेले. जालंधरचे स्टेडियम आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे ते दोन गोल ज्या मैदानावर झाले, त्यावर तेव्हा गवत होते आणि आता कृत्रिम टर्फ आहे, पण जागा तीच आहे. पहिल्यांदा मुख्य प्रेक्षागृहात जाऊन बसलो, तेव्हा मी सामना बघत नव्हतो. दोन्ही टोकांच्या गोलपोस्टकडे आळीपाळीने बघत, तो स्ट्रोक यांतल्या कुठल्या टोकाला घेतला असेल, एवढाच विचार करत होतो.

खडकीकरांसाठी या मैदानाचा आणखी एक धागा आहे. २००३ ची चॅम्पियन्स करंडक स्पर्धा इथेच झाली. धनराज पिल्ले त्या भारतीय संघात होते आणि साखळीत भारताने पाकिस्तानला ७–४ असे हरवले. अकरा गोलांचा भारत-पाकिस्तान सामना! तिसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले आणि त्या वेळी पाकिस्तानने ४–३ ने सामना घेतला, म्हणजे इथून आपण पुन्हा रिकाम्या हातांनी परतलो. तरीही खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतून, भावांच्या मोडक्या काठ्या बांधून खेळायला शिकलेला मुलगा चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळतो आणि आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या पर्वात या वनातल्या मैदानावर धावतो, हे आमच्या गल्लीत अजून अभिमानाने सांगितले जाते.

क्लबाच्या अलीकडच्या कामगिरीचे सांगायचे, तर पुरुषांच्या संघाने १९९४, १९९५ आणि १९९७ मध्ये, नंतर २००३ आणि २००४ मध्ये आणि पुन्हा २०११ आणि २०१२ मध्ये डच लीग जिंकली. आजवरची एकूण राष्ट्रीय विजेतेपदे वीसच्या आसपास आहेत. १९९६ आणि २००० अशा लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या डच संघातील टाको फान देन होनर्ट हे याच क्लबाचे, आणि पुढच्या पिढीत राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणारे बिली बाकर हेही इथलेच. महिलांच्या लीगमध्ये देन बॉसच्या क्लबाची जवळजवळ अखंड सद्दी चालू असताना २००९ आणि २०१३ मध्ये विजेतेपद खेचून आणणारा संघ आम्स्टरडामचाच होता. एफा दे खूडे या क्लबाकडून वर्षानुवर्षे मधल्या फळीत खेळली. तिच्याकडे तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके आहेत आणि २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे ती जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरली. डच महिलांनी आजवर नऊ विश्वचषक जिंकले आहेत, तेही असेच, क्लबाच्या मैदानांवर वाढलेल्या मुलींच्या जोरावर. अर्थात गेल्या काही वर्षांत आम्स्टरडामच्या पुरुष संघाचा तो दबदबा उरलेला नाही. ब्लूमेंडाल हा क्लब पुढे निघून गेला आणि याच वनातल्या, अगदी शेजारच्या पिनोके क्लबाने २०२३ मध्ये आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. शेजाऱ्याच्या घरी दिवाळी आणि आपल्या घरी अंधार, असे क्लबाच्या जुन्या सभासदांना वाटले असेल तर नवल नाही.

आता प्रत्यक्ष सामना बघण्याचा अनुभव. माझा आग्रह असा की पहिल्यांदा जायचे असेल, तर मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यापेक्षा रविवारचा लीगचा सामना निवडावा. पुरुष आणि महिला या दोन्ही गटांच्या सर्वोच्च लीगला ‘होफ्डक्लासे’ म्हणतात. बारा-बारा संघ, सप्टेंबरपासून शरद ऋतूतला अर्धा हंगाम, थंडीत मोठी सुट्टी, मग वसंतात उरलेला अर्धा हंगाम, आणि शेवटी पहिल्या चार संघांत विजेतेपदासाठी लढत, असे त्याचे स्वरूप आहे. स्टेडियमची क्षमता साडेसात हजारांच्या आसपास असली तरी लीगच्या सामन्याला गर्दी आटोपशीर असते, त्यामुळे अगदी पुढच्या रांगेत, मैदानाच्या कडेपासून काही पावलांवर बसता येते. हॉकी टीव्हीवर नीट दिसत नाही, हे माझे जुने मत आहे. चेंडू लहान, वेग प्रचंड आणि कॅमेरा नेहमी मागे पडणारा. इथे मात्र खेळाडूंचे एकमेकांना ओरडणे ऐकू येते, धापा ऐकू येतात, आणि चेंडू कोणत्या बाजूला वळणार हे बचावपटूच्या खांद्यावरून आधी कळू लागते.

सामन्याआधी आणि मध्यंतरात टर्फवर पाणी मारतात, ते आवर्जून बघावे. मोठे फवारे काही मिनिटे सुरू राहतात आणि संपूर्ण मैदान आरशासारखे चकाकू लागते. ओल्या टर्फवर चेंडू जोरात गेला की त्याच्यामागे पाण्याची बारीक शेपटी उठते आणि खेळाडूने काठी आडवी टाकून तो अडवला की तुषार गुडघ्यापर्यंत उडतात. पेनल्टी कॉर्नरच्या, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीमुळे मिळणाऱ्या गोलच्या संधीच्या वेळी शक्यतो गोलच्या मागच्या बाजूला उभे राहावे. गोलरक्षकासह पाच बचावपटू गोलरेषेमागे ओणवे होऊन थांबलेले असतात, तोंडावर जाळीदार मुखवटे, हातात जाड हातमोजे. बाजूने एकीने चेंडू ढकलला की वर्तुळाच्या टोकाशी दुसरी तो मऊ हाताने थांबवते, तिसरी खाली वाकून तो काठीच्या वळणात घेते, लांब पाऊल टाकत ओढत नेते आणि भिरकावते. हे सारे दीड-दोन सेकंदांत. चेंडू गोलच्या तळाशी असलेल्या फळीवर आदळला की ‘धाड’ असा जो आवाज येतो, तो छातीत जाणवतो. खडकीच्या धुळीच्या मैदानावर आम्ही चेंडू थांबवण्यासाठी आधी खडे वेचायचो. इथला टप्पा इतका निर्मळ आहे की थांबवणारीला चेंडूकडे बघण्यापेक्षा काठीचा कोन सांभाळण्याकडे लक्ष देता येते. भारतीय आणि डच हॉकीतील फरक टर्फमुळे पडला असे आपण नेहमी म्हणतो, ते पेनल्टी कॉर्नरच्या या दीड सेकंदात अगदी स्पष्ट दिसते.

पण माझ्या मते खरा फरक टर्फपेक्षा क्लबाच्या रचनेत आहे आणि या अभिप्रायात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. आपल्याकडे हॉकी जगली ती नोकरीच्या आधारावर. रेल्वे, सेना, पोलीस, विमान कंपन्या, कारखाने यांनी खेळाडूंना पोटापाण्याची हमी दिली, म्हणून ते खेळू शकले. स्वतः धनराजही मुंबईत महिंद्र अँड महिंद्र आणि नंतर इंडियन एअरलाइन्सकडून खेळले. त्या संस्थांचे उपकार मोठे आहेत. मात्र नोकरीच्या संघात फक्त उत्तम खेळाडूला जागा असते. ज्याला बरे खेळता येते पण फार चांगले नाही, तो विशीत काठी टाकतो आणि मैदानाशी त्याचे नाते संपते. इथे तसे होत नाही. एकाच क्लबात सहा वर्षांची मुलगी, विश्वविजेती खेळाडू आणि गुडघ्याला पट्टा बांधून रविवारी सकाळी खेळणारे पन्नाशीचे गृहस्थ असे सगळेच सभासद असतात, वर्गणी भरतात, आणि एकाच उपाहारगृहात बसून कॉफी पितात. सुमारे पावणेदोन कोटी लोकसंख्येच्या या देशात हॉकी संघटनेचे अडीच लाखांच्या आसपास सभासद आहेत, ते याच पद्धतीमुळे.

माझी मुलगी याच परिसरातील दुसऱ्या एका क्लबात खेळते, म्हणून ही पद्धत मला आतूनही माहीत झाली आहे. आईवडिलांना आळीपाळीने उपाहारगृहात काम करावे लागते, परगावच्या सामन्यांसाठी मुलांना गाडीतून न्यावे लागते, आणि लहान मुलांच्या सामन्यात पंच म्हणून शिट्टीही घ्यावी लागते. पहिल्या वेळी बटाट्याचे तळलेले काप तळत असताना शेजारी उभे असलेले गृहस्थ ग्राहकांची भांडी विसळत होते. नंतर कळले की ते पूर्वी पहिल्या संघातून खेळलेले होते. ज्यांना मुलांना हॉकीत घालायचे आहे, त्यांनी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी: शहरालगतच्या क्लबांमध्ये प्रवेशासाठी प्रतीक्षायादी असते आणि ती लांब असू शकते. आम्ही नाव उशिरा नोंदवले, त्यामुळे मुलीला एक संपूर्ण हंगाम बाहेरून बघत काढावा लागला. मूल पाच वर्षांचे झाले की लगेच चौकशी करावी.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा अनुभवही सांगितला पाहिजे. २०२२ चा महिला विश्वचषक स्पेनमधील तेरास्सा आणि आम्स्टलव्हेन अशा दोन ठिकाणी झाला आणि भारताचे साखळीतील तिन्ही सामने इथे आले. त्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले होते. एका सामन्याची तिकिटे मी वेळेवर घेतली नाहीत आणि मग पुनर्विक्री करणाऱ्या एका संकेतस्थळावरून जवळपास दुप्पट पैसे मोजून घेतली. आल्यावर कळले की दोन्ही जागा वेगवेगळ्या रांगांत आहेत. त्यामुळे सांगतो, तिकिटे अधिकृत विक्री सुरू होताच घ्यावीत. मुख्य प्रेक्षागृहावर छप्पर आहे, तेव्हा शक्य असेल तर तिथलीच घ्यावीत, कारण जुलै असला तरी इथला पाऊस विचारून येत नाही. खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाने फार अपेक्षा ठेवू नयेत. बटाट्याचे काप, चीजचे सँडविच आणि कॉफी यांवर वेळ निभावतो. आम्ही डब्यात थालीपीठ नेले होते, ते येता-जाता वनातल्या बाकावर बसून खाल्ले.

पहिला सामना इंग्लंडशी १–१ असा सुटला, चीनशीही १–१. दोन्ही वेळा भारताचा गोल वंदना कटारियाचा होता आणि दोन्ही वेळा गोलमध्ये कर्णधार सविता भिंतीसारखी उभी होती. तिसऱ्या सामन्यात न्यूझीलंडने आपल्याला ४–३ ने हरवले. तिरंगी फेटे बांधून आलेली मंडळी, ढोल, मराठी-पंजाबी-तामिळ अशा सगळ्या भाषांतील आरडाओरडा, आणि शेजारी शांतपणे टाळ्या वाजवणारे डच कुटुंब, असे ते वातावरण होते. सामना संपल्यावर शेजारच्या डच आजोबांनी बाबांशी हस्तांदोलन केले आणि तुम्ही भारतातून आलात का, असे विचारले. बाबांनी त्यांना तोडक्यामोडक्या इंग्रजीत १९७३ असे सांगितले. एवढ्याने त्यांना सगळे कळले. ते त्या वेळी तरुण होते आणि अंतिम सामन्याला इथेच, उभ्या प्रेक्षकांत होते. दोघांनी मग हातवारे करत सुरजितसिंगांचे दोन गोल आणि क्रुझेंचे दोन गोल पुन्हा एकदा खेळून दाखवले. रेडिओवरून बाबांना जे दिसले नव्हते, ते त्यांनी एकोणपन्नास वर्षांनी, प्रत्यक्ष बघितलेल्या माणसाकडून समजून घेतले.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी पुन्हा एकदा मैदानाकडे न्यायला सांगितले. त्या दिवशी आमच्यासाठी बघण्याजोगा एकही सामना नव्हता. बाजूच्या सरावाच्या मैदानावर दहा-अकरा वर्षांच्या मुली पेनल्टी स्ट्रोकचा सराव करत होत्या आणि एकीचा चेंडू गोलच्या वरून निघून थेट कुंपणापाशी, आमच्या पायांशी आला. बाबांनी तो उचलला, हातात एकदा तोलून बघितला आणि तिच्याकडे परत टाकला. तिने मान लववून आभार मानले, चेंडू पुन्हा ठिकाणावर ठेवला आणि या वेळी तो गोलरक्षक मुलीच्या डाव्या हाताला, अगदी खाली घातला.